आरसी बुकातला मालक

शंभर सीसीची मोटारसायकल आरसी बुकात एकाच्याच नावावर असते, हे खरं. हप्ते त्याच्याच पगारातून कापले जातात आणि हेल्मेट नसल्याचं ई-चलान त्याच्याच मोबाईलवर येऊन पडतं. मालकी म्हणाल तर ती मेव्हण्याची असते, शेजारच्या नानांची असते, गॅरेजवाल्याची असते आणि सिग्नलला बाजूला येऊन थांबलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाची असते. बुलेटवाल्याला हा ताप नाही. बुलेटकडे लोक लांबून बघतात. आपल्या गाडीकडे जवळ येऊन, वाकून बघतात आणि म्हणतात, "चेन जरा सैल वाटतीय."

इंजिन जितकं लहान तितके मालक जास्त, असा माझा सिद्धान्त आहे. मोठ्या गाडीतलं आपल्याला फारसं कळत नाही, हे माणूस एक वेळ मान्य करेल. शंभर सीसीतलं कळत नाही असं म्हणणारा पुरुष महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे.

हा मालकी हक्क गाडी दारात येते त्याच दिवशी बजावला जातो. चाकाखाली लिंबू फुटलेलं असतं, टाकीवरचं कुंकवाचं स्वस्तिक ओलं असतं, सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही असा घरातून हुकूम सुटलेला असतो, आणि तोंडात पेढा असलेला पाहुणा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडी तोवर शोरूमपासून घरापर्यंतच आलेली असते. तरी उत्तर द्यावंच लागतं, कारण हा प्रश्न गणिताचा नसून घराण्याच्या अब्रूचा असतो. पंचावन्न सांगितलं तर समोरचा गप्प होतो आणि खांद्यावर हात ठेवतो. पासष्टला "बरं आहे" मिळतं. पंचाहत्तर सांगणारा प्रत्येक समारंभात एक तरी असतोच, आणि तो कायम आपलं सांगून झाल्यावर बोलतो.

ॲव्हरेज काढायची पद्धत तशी सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते बघायचं आणि भागाकार करायचा. हा भागाकार सहसा कुणी करत नाही. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. त्या चाचणीत मागे बायको, पुढे भाजीची पिशवी आणि दर शंभर पावलांवर गतिरोधक नसतो. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने, एकाच गतीत चालवली तर ती सगळ्यात कमी पिते हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण सांगली-मिरज रस्त्यावर एकाच गतीत जायचं तर पहाटे तीनला निघावं लागेल, आणि त्या वेळी ऑफिस उघडं नसतं.

या साऱ्याचं मूळ १९८० च्या दशकात आहे. तोवर दुचाकी म्हणजे चेतक, नाहीतर राजदूत, नाहीतर येझदी. चेतक आकुर्डीच्या कारखान्यातून यायची, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर मिळायची, आणि मिळाल्यावर रोज सकाळी तिला एका अंगावर कलती करून मगच किक मारायची, असा विधी होता. मग जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाज. या टू-स्ट्रोक; पेट्रोलबरोबर ऑइलही जाळायच्या आणि मागच्याला निळ्या धुरात सोडून जायच्या. १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १०० मात्र फोर-स्ट्रोक निघाली. ना धूर, ना पेट्रोलमध्ये ऑइल. तिची जाहिरात सांगायची की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. पुढे १९९४ ला स्प्लेंडर आली आणि हा संसारी पंथ गावोगाव पसरला.

त्या जाहिरातीतल्या तीन सूचनांपैकी मधली तेवढी आपल्याकडे नीट पाळली गेली. झाकण आपण लावतो. टाकी भरणं आपल्या रक्तात नाही. टाकी साधारण दहा लिटरची असते. ती फुल करणारा माणूस पंपावर दिसला की याला एकतर लांब जायचंय किंवा गाडी ऑफिसची आहे, असं बाकीचे मनात धरतात. आपण म्हणतो, "शंभरचं टाक." २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली आणि पाठोपाठ आपल्याकडेही शंभरात लिटर मिळेनासं झालं, पण जिभेची सवय सुटली नाही. त्यात जाणकारांनी शोध लावला, की शंभर-दोनशे हे आकडे पंपाच्या मशीनमध्ये आधीच 'सेट' करून ठेवलेले असतात. म्हणून आता पंपावर एकशे दहा, दोनशे दहा असे पुकारे होतात. सगळेच एकशे दहा मागायला लागले तर तोही आकडा सेट करतील की, असं मी नानांना म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, "म्हणून मी एकशे सातचं टाकतो."

आता राहिलं विसरणं. विसरू कोण देतो? सकाळी गाडीला किक मारली की पलीकडच्या पायरीवर पेपर वाचणारे नाना मान वर न करता म्हणतात, "टॅपेट वाजतायत." वरच्या मजल्यावरून उत्तर येतं, "टॅपेट नव्हे हो, टायमिंग चेन." दूधवाला कॅन उतरवता उतरवता सायलेन्सरच्या बाजूने मत देतो. घरातून आवाज येतो, "मी महिन्याभरापासून सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण!" आपल्याला तोवर गाडीचा आवाज चांगला वाटत असतो. एकदा हे चार जण बोलले की मात्र तो दिवसभर कानात खडखडत राहतो.

मग गॅरेज. वडाखाली पत्र्याची टपरी, तिच्यावर 'सर्व प्रकारच्या दुचाकी दुरुस्त करून मिळतील' असा बोर्ड आणि पुढे सीट काढलेल्या, टाकी उतरवलेल्या गाड्यांची रांग. गॅरेजवाला गाडीकडे न बघता आधी आपल्याकडे बघतो आणि गाडी चालू करायला सांगतो. मग हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, त्याचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. टोक हेडवरून सिलिंडरवर येतं, तिथून क्लचच्या बाजूला जातं. शेजारी चहा घेऊन उभी असलेली माणसंही घोट गिळायची थांबतात. आतला आवाज लोखंडातून थेट कानात जातो, त्यामुळे कुठला भाग बोलतोय ते कळतं. या तपासणीत ढोंग काही नाही. डोळे उघडल्यावर तो जो प्रश्न विचारतो, तोही आजवर बदललेला नाही. "हिला आधी कुणी हात लावला होता?"

कुणीतरी लावलेला असतोच. मग आधीच्या माणसाने नट किती आवळलाय, वॉशर कसा विसरलाय, कंपनीचा स्क्रू काढून भलताच कसा घातलाय, हे एकेक पुढे येतं. गंमत अशी की आधीचा माणूसही हेच विचारत होता, आणि त्याने ज्याला नावं ठेवली तो बहुतेक आपला हाच गॅरेजवाला असतो. गाडी काही बोलत नाही म्हणून हा व्यवसाय चालला आहे.

कामाला लागल्यावर मात्र त्याचे हात बघत बसावेत. कार्बोरेटर खोलून तो पत्र्याच्या ताटलीतल्या पेट्रोलमध्ये टाकतो. आतला पितळी जेट चिमटीत धरून आकाशाकडे करतो आणि एक डोळा मिटून त्याच्या केसाएवढ्या भोकातून उजेड येतो का ते बघतो. नाही आला तर तोंडाने फुंकतो, परत बघतो. त्या भोकातला एक कण गेला की सकाळच्या दहा-दहा किका वाचतात. इकडे त्याचा पोऱ्या चेन खालून बोटाने उचलून बघतो. दोन-अडीच सेंटिमीटर हलली तर ठीक, जास्त हलली तर मागचं चाक जरा मागे. मग ऑइल सोडतात. इंजिनमध्ये ते जेमतेम लिटरभरच असतं. गॅरेजवाला त्याचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून आपल्याला दाखवतो, "बघा काय अवस्था आहे." आपण बघतो, मान डोलावतो आणि लाजतो. वास्तविक आतली काजळी आणि झिजेचा कीस पोटात घेऊन काळं होणं हेच ऑइलचं काम. ते काळं झालं नसतं तर इंजिन झालं असतं. पण हे तिथे बोलायची हिंमत होत नाही, कारण पाना त्याच्या हातात असतो.

ऑइलची पातळी बघायलाही एक शास्त्र आहे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, झाकणाची पट्टी पुसून नुसती आत टेकवायची, फिरवून आवळायची नाही, आणि मग वाचायची. हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका गाडीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात इतकी जपून ठेवलेली असते, की वाचायला बाहेर काढणं धोक्याचं वाटतं.

या गॅरेजवाल्यांची किंमत आम्हा सांगलीकरांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. कृष्णेच्या महापुराचं पाणी ओसरलं तेव्हा गाड्या चिखलासकट गॅरेजपुढे ढकलत आणल्या जात होत्या. ऑइलचा नट सोडला की खालून चहाच्या रंगाचं पाणी यायचं. "किक मारू नका, आधी सगळं पाणी काढा," हे वाक्य त्या आठवड्यांत जो तो दुसऱ्याला सांगत होता. इंजिनं धुतली गेली, नवं ऑइल घालून, थोडं चालवून तेही काढून टाकलं गेलं, वायरी उन्हात वाळवल्या गेल्या, आणि बऱ्याच गाड्या परत रस्त्याला लागल्या. सगळ्यांना कळतं अशा गाडीचा हा एक मोठा फायदा. ज्यात सारं गाव नाक खुपसतं, ते सहसा मरत नाही.

गाडीचा सगळ्यात जुना सहमालक म्हणजे मेव्हणा. "दाजी, चावी द्या, दोन मिनिटांत आलो," असं म्हणून तो जातो आणि दिवेलागणीला उगवतो. तोवर डावा आरसा त्याचे केस दिसतील असा फिरलेला असतो, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उभी असते आणि पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर असतो. यातला शेवटचा मुद्दा ज्याने जुनी गाडी चालवली आहे त्यालाच कळेल. टाकीखाली डाव्या अंगाला तो कॉक असायचा. चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी आचके द्यायला लागली की चालता चालता, खाली न बघता, डावा हात टाकीखाली घालून तो फिरवायचा. तेवढ्यावर पंप गाठायचा, असा देवाशी करार असे. मेव्हणा तो करार आधीच वापरून जातो. मग ऐन चढावर गाडी आचके देते, आपला हात खाली जातो आणि कॉक आधीच फिरलेला सापडतो. त्या क्षणी सासरच्या मंडळींबद्दल जे विचार मनात येतात, ते सांसारिक माणसाने लिहून ठेवू नयेत.

अशा वेळी गाडी डावीकडे आडवी करायची. लोक याला जादू समजतात, पण त्यात कारण आहे. टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, त्यामुळे शेवटचं पेट्रोल उजव्या कप्प्यात अडकून राहतं आणि कॉक असतो डावीकडे. गाडी कलंडली की ते पेट्रोल नळी ओलांडून इकडे येतं आणि अर्धा-एक किलोमीटर निघतो. तेही संपलं, की कुणीतरी अनोळखी माणूस न विचारता मागून येतो, आपल्या फुटरेस्टवर त्याचा पाय टेकवतो आणि त्याच्या गाडीच्या जोरावर आपल्याला पंपापर्यंत ढकलत नेतो. नाव सांगत नाही, आभार ऐकायला थांबत नाही. जाता जाता एवढंच विचारतो, "ॲव्हरेज किती देते?"

रस्त्यावरच्या या अनोळखी मालकांबद्दल खरं तर आदरानेच बोलायला हवं. साईड स्टँड वर घ्यायचं राहिलं, तर पहिल्या वळणाच्या आत दहा माणसं ओरडतात. मागे बसलेल्या बाईंचा पदर चाकाकडे गेला, तर समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हरही हात बाहेर काढून दाखवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागच्या माणसाला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. सरकारने जाळी बसवली. उरलेल्या अर्ध्या चाकाची जबाबदारी जनतेने उचलली. यात घोटाळा झाला तो फक्त दिव्याचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं. पण दिवसा लाइट लागलेली दिसली की पंजा उघड-मीट करून दाखवणं हा आपला जुना धर्म. नवी गाडी घेतली की पहिले काही महिने माणूस गावभर हातवारे स्वीकारत फिरतो. मीही आता मान तुकवून "हो हो" करतो. समजावून सांगायला सिग्नल पुरत नाही.

ओझ्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ म्हणतं, चालकाच्या मागे एकच माणूस. इंजिनची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती. दारात आठ घोडे असलेल्याला पूर्वी लोक मुजरा करायचे. आज आठ घोड्यांवर बसून आपण मेथीच्या दोन जुड्या आणतो. पण त्याच घोड्यांवर दुधाचे कॅन येतात, गॅसचा सिलिंडर येतो, उसाच्या वाढ्याचा भारा येतो, आणि भाद्रपदात मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर बसून गणपतीही येतो. त्या दिवशी गाडी वीसच्या वर जात नाही, आणि मागून कुणी हॉर्नही मारत नाही. दसऱ्याला तिचे हे उपकार फेडले जातात. धुऊन, पुसून, झेंडूचा हार घालून तिची पूजा होते. तो हार पुढे दिवाळीपर्यंत मीटरच्या वायरीत वाळत राहतो, कारण चढवायचा मुहूर्त असतो, उतरवायचा नसतो.

आता मात्र या सामुदायिक मालकीवर वरूनच घाव पडायला लागले आहेत. एचएसआरपी ही सरकारी पाटी आली आणि चार-एक-चार-एक वाकवून 'दादा' लिहिणारं नंबरप्लेटवरचं साहित्य संपलं. ती बसवायच्या तारखेला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली, हाच काय तो दिलासा. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले, तेव्हा बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, चोक गेला, जेट आकाशाकडे धरून बघणंही गेलं. पेट्रोल किती सोडायचं ते आता सेन्सर ठरवतात, आणि त्यांचं मत कुणी विचारत नाही. बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा लागतो. आमच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर घेतलाय, तो वायर जोडतो, पडद्यावरचा कोड वाचतो आणि तरीही सवयीने विचारतो, "हिला आधी कुणी हात लावला होता?"

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं तेव्हा तर आमच्या भागात मोठा पेच झाला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार. पण ते इथेनॉल काही अंशी उसातून येतं, आणि ऊस येतो आमच्याच शिवारातून. पारावर पाच किलोमीटरने ॲव्हरेज घटल्याची तक्रार करणारा माणूस पुढच्याच वाक्यात कारखान्याच्या बिलाची चौकशी करतो. मोटारसायकलवाला म्हणून रडावं की ऊसवाला म्हणून हसावं, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. नानांचा ऊस नाही, म्हणून ते मोकळेपणाने रडतात.

अशात गेल्या महिन्यात समोरच्या घरात बॅटरीची स्कूटर आली. लिंबू फुटलं, पेढे वाटले. मला वाटलं, आता हे राज्य संपलं. ना प्लग, ना ऑइल, ना टॅपेट. पाहुण्यांनी क्षणभर विचार केला आणि "एका चार्जिंगला किती जाते?" हा प्रश्न जागच्या जागी जन्माला घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने ती चालू केली. नानांनी पेपर खाली ठेवला, पायरी उतरून जवळ गेले, वाकले, कान लावला, बराच वेळ ऐकत राहिले. मग सरळ होत म्हणाले, "काहीच आवाज येत नाहीये. एकदा दाखवून घे."